पांजरापोळ : मकरपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याचे प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, त्या कारखान्याला दोन फाटके आहेत. पुढच्या फाटकातून नवे ट्रान्सफॉर्मर बाहेर पडतात, ताज्या राखाडी रंगाचे, टाकीवर अनुक्रमांक खोदलेले. मागच्या फाटकातून जुने आत येतात. कुणाचे बुशिंग, म्हणजे टाकीवरचा तारा जोडायचा खुंटा, फुटलेले, कुणाच्या टाकीवर तेलाचे ओघळ आणि ओघळांवर बसलेली धूळ, हवा आत घेणाऱ्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल ओल खाऊन गुलाबी झालेली. मागच्या अंगणाला कामगार 'पांजरापोळ' म्हणत. म्हातारी, लंगडी जनावरे आणून सोडायची जागा. नाव चेष्टेतले होते, पण कारखान्याचे त्या अंगणाविषयीचे धोरणही नेमके तेच होते : आणायचे, सोडायचे, जमेल तेव्हा बघायचे.

हे प्रकरण त्या अंगणाचे. कारखाना, त्यातली माणसे आणि त्यांच्या वहीतले आकडे मी अभ्यासासाठी रचले आहेत. यंत्र, कायदे आणि बडोदे मात्र जसे आहेत तसे.

विकलेला माल उलट्या वाटेने कारखान्यात येतो, त्याची छाननी होते, दुरुस्ती किंवा भंगार होते आणि जमल्यास तो पुन्हा रवाना होतो. या सगळ्या खटाटोपाला रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात. मापात न बसलेला कुर्ता परत पाठवणाऱ्यांमुळे ही कल्पना आता घरोघरी पोचली आहे. पण कुर्ता परत येतो तेव्हा त्याला उतरवायला हायड्रा क्रेन लागत नाही, आणि तो का फाटला यावर दोन इंजिनियरांच्या सह्या लागत नाहीत.

कारखाना आबांचा. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाची वास्तू आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे. आबा तिथलेच विद्यार्थी. घर दांडिया बाजारात, बोलणे घरात मराठी, कारखान्यात गुजराती, टेंडरात इंग्रजी. थोरला मुलगा टेंडरे आणि वसुली बघतो, धाकटा उत्पादन. धाकट्याची बायको कॉस्ट अकाउंटंट. ती आधी बाहेर नोकरी करत होती, मग कारखान्याच्या हिशेबात आली. कामगार तिला वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

माल एकच : २५, ६३ आणि १०० केव्हीए क्षमतेचे वितरण ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीची वीज ४३३ व्होल्टवर आणून शेतपंपाला आणि वस्तीला देणारे. ग्राहक दोन वीज वितरण कंपन्या, एक जवळची, एक सौराष्ट्रातली. वर्षाला २,४०० नग, सरासरी किंमत १ लाख १० हजार, उलाढाल २६ कोटी ४० लाख. करारात गॅरंटी ३६ महिन्यांची. म्हणजे कोणत्याही दिवशी या कारखान्याचे ७,२०० नग खांबांवर उभे, आणि त्या साऱ्यांची जबाबदारी मकरपुऱ्यात. दर वर्षी त्यातले शेकडा ४ परत येत : २८८ नग, महिन्याला २४.

थोरल्यांच्या लेखी विषय इथेच संपत होता. एका नगाच्या दुरुस्तीला सरासरी २४,००० आणि जाण्या-येण्याच्या भाड्याला ३,५००. वर्षाचे ७९ लाख २० हजार, उलाढालीच्या बरोब्बर ३ टक्के. "हा धंद्याचा कर आहे, सगळेच भरतात," असे ते म्हणत. टेंडरच्या दरपत्रकात 'इतर' म्हणून २ टक्के धरलेले असत. ३ आणि २ यांतला फरक कुणी कधी विचारला नव्हता, कारण दर लावणारा माणूस आणि दुरुस्तीचे बिल बघणारा माणूस एका टेबलावर बसतच नव्हते.

११८ दिवस

वहिनींना शंका आली ती दुरुस्तीच्या खर्चावरून नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची हद्द, बाराही महिने काठोकाठ भरलेली असे, आणि ऑर्डरी चांगल्या असताना असे का, हे त्या शोधत होत्या. 'येणे : वीज कंपनी' या खात्यात एक रक्कम वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढीच राहत होती. बिले येत, फेडली जात, पण तळाशी काहीतरी साचलेले. त्यांनी कपातींची पत्रे एकेक करून लावली, तेव्हा तळ दिसला.

करार असा : गॅरंटीतला नग नादुरुस्त झाल्याचे पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत तो कंपनीच्या स्टोअरमधून उचलून, दुरुस्त करून परत द्यायचा. नाही दिला, तर तो परत येईपर्यंत नव्या नगाची पूर्ण किंमत चालू बिलातून रोखून ठेवली जाईल. दंड नव्हे, नुसते रोखून धरणे. नग दिला की पैसे सुटतात. म्हणूनच हे नफातोट्याच्या पत्रकात कधी दिसले नाही.

मग वहिनींनी मागच्या वर्षीच्या प्रत्येक नगाचे दिवस मोजले. पत्रापासून परतीच्या पोचपावतीपर्यंत सरासरी ११८. त्यांचे तुकडे असे निघाले : पत्र आल्यापासून नग उचलण्यापर्यंत ४१, कारण ट्रक भरेल एवढे नग जमेपर्यंत थांबायचे. वाटेत आणि उतरवण्यात ४. अंगणात जॉइंट इन्स्पेक्शनची वाट बघत ३८. दुरुस्ती ६. चाचणी आणि कंपनीच्या तपासनिसाची वाट १२. परत पाठवायला १७, पुन्हा ट्रक भरण्याचे कारण.

११८ दिवसांत हात लागायचा तो ६ दिवस. धाकटे मालक मात्र गेली दोन वर्षे त्या ६ चे ५ कसे होतील यासाठी वाइंडिंगच्या, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळण्याच्या, मशीनची कोटेशने मागवत होते.

हिशेब सोपा आहे. महिन्याला २४ नग, प्रत्येकाचे ४५ च्या वर ७३ दिवस; म्हणजे कोणत्याही दिवशी मुदत उलटलेले ५८ नग. गुणिले १ लाख १० हजार : जवळजवळ ६४ लाख रुपये वीज कंपन्यांकडे अडकलेले, आणि त्यावर ११ टक्क्यांनी वर्षाला ७ लाखांचे व्याज आपल्या बँकेला.

जॉइंट इन्स्पेक्शनचे ३८ दिवस थोडे समजून घेण्यासारखे आहेत. नग का जळला हे कंपनीचा इंजिनियर आणि कारखान्याचा माणूस या दोघांनी मिळून, टाकी उघडताना समोर उभे राहून ठरवायचे असते. तोवर झाकणाला हात लावायचा नाही, सील तसेच. इंजिनियर साहेब बडोद्याला दुसरे काही काम निघाले की येत. तोवर नग उघड्यावर. बुशिंग फुटलेले, तेल गळून पातळी खाली गेलेली, वरून मृगाचा पाऊस. वाइंडिंगवरचा कागद ओल टिपकागदासारखा ओढतो. एक कॉइल जळून आलेल्या नगाच्या उरलेल्या दोन चांगल्या कॉइल अंगणात बसून खराब होत, आणि दुरुस्तीच्या २४,००० मध्ये त्याही गुपचूप मोजल्या जात. थोरल्यांच्या 'धंद्याच्या करा'चा एक तुकडा वीज कंपनी नव्हे, आपलेच अंगण वसूल करत होते.

वहिनींनी हे कागद मांडले तेव्हा आबा म्हणाले, "अगं, परत आलेल्या नगाची वरात काढायची नसते. मागच्या दाराने आणायचा आणि मागच्या दाराने घालवायचा." हा विचार चुकीचा म्हणून झटकू नये. वीज कंपनीचे अधिकारी कारखान्याच्या पाहणीला येतात. अंगणात पन्नास मेलेले ट्रान्सफॉर्मर ओळीने मांडलेले त्यांना दिसावेत असे कोणत्या कारखानदाराला वाटेल?

ट्रक रिकामा येतो हा ऑफिसातला समज

पहिली सूचना कुणीही करील ती झाली : नवा माल घेऊन गेलेला ट्रक येताना जुने नग का आणत नाही? कागदावर भाडे निम्मे होत होते. प्रत्यक्षात सौराष्ट्रात गेलेला ट्रक रिकामा येतच नव्हता. तो मोरबीच्या टाइल्स भरून निघे, आणि स्टोअरच्या फाटकाशी गेटपासची वाट बघत बसायला ड्रायव्हर तयार नव्हता. शिवाय नवा माल एका विभागाकडे उतरतो आणि नादुरुस्त नगाचा गेटपास दुसरा विभाग देतो. दोघांचे साहेब वेगळे, जेवणाच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या.

कागदपत्रेही उलट्या वाटेची निराळी. विक्रीचे बिल नसते, डिलिव्हरी चलनावर माल येतो, आणि मालाचे मूल्य ५०,००० च्या वर गेले की जीएसटीखालचे वाहतुकीचे ई-वे बिल. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. राजकोट बडोद्याहून २०० च्या बरेच पुढे, म्हणून दोन दिवस मिळतात. स्टोअरवर एक दिवस अडकला तर ती वाटेतच संपायची भीती. पूर्वी हे टाळायला डिस्पॅचचा कारकून 'सगळे एकदम आणू' म्हणत महिना घालवी. त्याचा आळस नव्हता. चूक झाली तर ट्रक अडकणार आणि बोलणी तो खाणार; उशीर झाला तर कुणी काही म्हणत नसे.

शेवटी ठरले ते हे : जवळच्या कंपनीचे नग नव्या मालाच्याच ट्रकमधून आणायचे, आणि सौराष्ट्रासाठी दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी स्वतंत्र गाडी, भरो न भरो. दोन दिवस आधी अनुक्रमांकांची यादी स्टोअरकीपरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. गाडी अर्धी रिकामी निघालेली पाहून पहिल्या महिन्यात थोरल्यांच्या पोटात गोळा आला. भाडे नगामागे वाढले हे खरेच होते.

फोडण्याआधी बघणे

दुसरा बदल अंगणातला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा. ९ लाख खर्चून मागे सिमेंटचा ओटा केला, वर पत्रा, खाली तेल साठण्याची कुंडी. एका डिप्लोमा इंजिनियरला तिथे बसवले, वर्षाला ३ लाख ६० हजारांवर. त्याचे काम दुरुस्ती करणे नाही. आलेला नग उघडण्याआधी बघणे. नेमप्लेटचा फोटो, सीलचा फोटो, तेलाची पातळी, सिलिका जेलचा रंग, मेगर या मापकाने इन्सुलेशन, दोन बाजूंच्या व्होल्टेजची गुणोत्तर चाचणी, तेलाचा नमुना. मग खडूने टाकीवर खूण. आणि जॉइंट इन्स्पेक्शन कारखान्यात न करता महिन्यातून दोनदा कंपनीच्याच स्टोअरवर, नग उचलायच्या आधी. इंजिनियर साहेबांना बडोद्याला यावे लागत नाही म्हटल्यावर त्यांची तारीख मिळू लागली. आबांच्या नजरेतला प्रश्नही त्यातच सुटला : ओळ आता कारखान्यात लागत नव्हती.

पहिल्या पाच महिन्यांत १२० नग असे तपासले गेले. ३४ मध्ये आपलीच चूक, एचव्ही म्हणजे उच्च दाबाच्या कॉइलचा बिघाड. ३९ जादा भाराने जळलेले : एलव्ही म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळलेली, पंप मंजुरीपेक्षा मोठे. २८ मध्ये तेल गळून पातळी खाली आलेली. ११ विजेच्या कडकडाटाचे. आणि ८ नगांचे वाइंडिंग धडधाकट, फक्त बुशिंग फुटलेले किंवा तेल चोरीला गेलेले; हे पूर्वी इतरांसारखेच उघडले, सुकवले आणि गुंडाळले जात.

आता ते २८ घ्या. गळतीचा नग दुरुस्तीला आला की गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, बदलायचेच असते, ती पहिली पायरी. मिस्त्री झाकण काढता काढता जुने गॅस्केट ओरबाडून फेकून देई. वर्षानुवर्षे तो पुरावा सकाळच्या केरात जात होता. नव्या पोराने गॅस्केट पिशवीत घालून त्यावर अनुक्रमांक लिहायला सुरुवात केली, तेव्हा मिस्त्री हसले. पण २८ पैकी १९ पिशव्यांत एकाच जागेचे गॅस्केट निघाले, एलव्ही बुशिंगखालचे, कडक होऊन तडकलेले. अनुक्रमांक लावून पाहिले तर हे सगळे नग एकाच आठ-नऊ महिन्यांतले. त्या काळापासून खरेदी विभाग स्वस्त पडते म्हणून दुसऱ्याकडून माल घेऊ लागला होता. उत्पादनातल्या दाब चाचणीत ते गॅस्केट व्यवस्थित उतरे, कारण तेव्हा ते नवे आणि लवचिक असे. खांबावर उन्हाळा काढल्यावर काय होते हे फक्त पांजरापोळात कळू शकत होते.

भारतीय मानक ११८० चा पहिला भाग २०१४ साली सुधारला गेला आणि पुढे २०१५ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वितरण ट्रान्सफॉर्मरना मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. नमुना नगावरच्या प्रकार चाचण्यांसाठी बडोदेकरांना लांब जावे लागत नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेली एर्डा ही विद्युत चाचणी आणि संशोधन संस्था मकरपुऱ्यातच आहे. पण हे सारे नग बाहेर पडण्याआधीचे. बाहेर पडल्यानंतरची प्रयोगशाळा म्हणजे गावाकडचा खांब, आणि तिचा अहवाल उलट्या ट्रकने येतो.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण व्यवस्थापनाच्या वर्गात ती कुणी सांगत नाही. गाभ्याची सीआरजीओ, म्हणजे खास विद्युत पोलादाची, पत्री फार नाजूक. उघडताना, परत बसवताना तिला ठोकले, वाकवले की तिचे चुंबकीय गुण उतरतात आणि बिनभाराचा वीजऱ्हास वाढतो. म्हणजे न उघडता सुटू शकणारे ते ८ नग उघडणे नुसते खर्चिक नव्हते, चांगल्या नगाला अधू करणे होते. दुरुस्ती जितकी कमी तितकी बरी, हे डॉक्टरांइतकेच इथेही खरे.

३९ जादा भारवाल्यांचे काय? करारानुसार ती जबाबदारी कारखान्याची नाही. पण फोटो, सह्या, सगळे असूनही वीज कंपन्यांनी त्यातले ११ मान्य केले आणि ७ नगांच्या दुरुस्तीचे पैसे दिले, पावणेदोन लाख. उरलेल्यांसाठी वहिनींना भांडायचे होते. थोरले म्हणाले, "तू कागदावर जिंकशील गं, पण पुढचे टेंडर कोण देणार आपल्याला?" आबांनी थोरल्यांची बाजू घेतली. मला यात वहिनी बरोबर वाटतात आणि निर्णय थोरल्यांचा योग्य वाटतो; दोन्ही एकदम खरे असू शकते. लहान पुरवठादार दोनच ग्राहकांवर जगतो, तेव्हा करारातले प्रत्येक कलम वापरायचे नसते.

बदली नगाची योजना मात्र बसली नाही. २० दुरुस्त नग तयार ठेवायचे आणि नादुरुस्त नगाच्या बदल्यात लगेच त्यातला एक द्यायचा, असा प्रस्ताव होता. सौराष्ट्रातल्या कंपनीने तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर नकार दिला : त्यांच्या मालमत्ता नोंदीत खांबाला अनुक्रमांक बांधलेला, तोच नग परत हवा. जवळच्या कंपनीने मान्य केले, तेही फक्त २५ केव्हीएपुरते.

चहापाण्याचा डबा

सगळ्यात जास्त गुरगुर झाली ती तेलावरून. उघडलेल्या नगांतले काळे तेल पूर्वी पिंपात साठे आणि भंगारवाला रोखीने नेई. जळक्या तारांचे वेटोळेही त्याच वाटेने. हे पैसे आबांच्या मूक संमतीने मिस्त्रींच्या डब्यात जात : रोजचा चहा, शनिवारची सेव-उसळ, कुणाच्या पोरीच्या लग्नाला आहेर. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच, नोंदी ठेवून द्यावे लागते. वहिनींनी तसे सुरू केले आणि वर्षाचे ४ लाख बँकेत येऊ लागले. दुसऱ्याच आठवड्यात अंगणातले काम मंदावले. कुणी काही बोलले नाही, पण पिशव्यांवर अनुक्रमांक लिहायचे राहू लागले.

आबांनी हे बरोबर ओळखले. त्यांनी डबा परत सुरू केला, पण कारखान्याच्या खर्चातून : नीट भरलेल्या प्रत्येक पिशवीमागे आणि तपासणी पत्रकामागे ठरावीक रक्कम. पिशव्या परत भरू लागल्या. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा नवा खर्च. माझ्या दृष्टीने ज्या माणसाच्या हातात पुरावा आहे त्याला त्याची किंमत देणे.

जाता जाता जीएसटीची एक गाठही सुटली. गॅरंटीत फुकट बदललेल्या भागांवरचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जुने मुनीम भीतीपोटी उलटवत असत. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे की गॅरंटीच्या काळात वेगळा मोबदला न घेता भाग बदलून दिले तर त्यावर कर नाही आणि उत्पादकाला क्रेडिट उलटवण्याचीही गरज नाही. कारण मूळ किमतीतच ते धरलेले असते. 'धरलेले असते' हे शब्द वहिनींनी मुनीमजींना दोनदा वाचायला लावले.

पहिल्या वर्षाचा हिशेब

वर्ष संपले तेव्हा ११८ चे ५२ दिवस झाले होते. उचलायला ४१ ऐवजी १६, वाटेत ३, इन्स्पेक्शनला ११, दुरुस्ती ६ ची वाढून ७, चाचणी ६, परतीला ९. सरासरी अजूनही ४५ च्या वरच. काही नग महिन्यात जात, काही ८० दिवस रेंगाळत, त्यामुळे रोखलेले नग साधारण १४ उरले, रक्कम १५ लाखांच्या आसपास. म्हणजे ४९ लाख मोकळे झाले आणि व्याजात वर्षाला ५ लाख ४० हजार वाचू लागले. सीआरजीओच्या व्यापाऱ्याशी रोखीने बोलता येऊ लागले, हे वेगळे.

आणि तरीही बैठकीत थोरल्यांनी ठेवलेला कागद खोडून काढण्यासारखा नव्हता. परत आलेले नग २८४, मागच्या वर्षी २८८ : फरक नाहीच. दुरुस्ती भाड्यासकट नगामागे २९,००० झाली, कारण चांगले गॅस्केट, अर्ध्या गाड्या, चाचण्या. एकूण ८२ लाख ४० हजार, त्यात इंजिनियरचा पगार धरून ८६ लाख. शिवाय ओट्याचे ९ लाख. "सात लाख जास्त घालवून साडेपाच लाख व्याज वाचवले. आणि नग तेवढेच जळतायत."

गणित त्यांचे बरोबर होते. ओट्याचा एकदाचा खर्च बाजूला ठेवून तेलाचे ४ लाख आणि वसूल झालेले पावणेदोन धरले तर तराजू वहिनींच्या बाजूला झुकत होता, पण जेमतेम. परतीचा माल नीट हाताळला की नफा वाढतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा पहिल्या वर्षाचा कागद बघावा. गॅस्केट सहाव्या महिन्यात बदलले. पण जुन्या गॅस्केटचे हजारो नग अजून खांबांवर होते आणि ३६ महिने होईपर्यंत ते येतच राहणार होते. इथे औषध आज घ्यायचे आणि ताप तीन वर्षांनी उतरायचा. मधल्या काळात ताळेबंदात फक्त औषधाचे बिल दिसते.

वहिनींच्या हाती पुढे एकच वेगळा आकडा आला. गॅस्केट बदलल्यानंतरच्या सहा महिन्यांत बाहेर पडलेले १,२०० नग. त्यांतले पहिल्या सहा महिन्यांत १४ परत आले. वर्षभर आधी त्याच हंगामात गेलेल्या १,२०० पैकी तेवढ्याच काळात २६ आले होते. हा आकडा पूर्ण कळायला मात्र दीड वर्ष उलटावे लागले. आणि त्या पावसाळ्यात विजा कमी पडल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच कागदाखाली लिहून ठेवले होते.

६० महिने

नेमके तेव्हाच नवे टेंडर आले. नग ३,०००, गॅरंटी ६० महिन्यांची.

ऑडिटरने लेखा मानक २९ ची आठवण करून दिली होती : गॅरंटीची जबाबदारी विक्रीच्याच दिवशी जन्मते, तिची तरतूद तेव्हाच करायची, नग जळून आल्यावर खर्च लिहायचा नाही. तरतूद किती, हे ज्याला सांगता येते तोच दर लावू शकतो. कारखान्याने आजवर नगामागे 'इतर' म्हणून २,२०० धरले होते आणि घालवले होते ३,३००. पाच वर्षांची गॅरंटी, वर्षाला शेकडा ४, दुरुस्ती ३०,००० धरली तर नगामागे ६,०००. वर्षाला शेकडा अडीच धरली तर ३,७५०. या २,२५० रुपयांच्या फरकात एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार, ठरतो किंवा जातो.

थोरल्यांचे म्हणणे : ६,००० लावले तर टेंडर विसरा, ३,७५० लावणे म्हणजे एका सौम्य पावसाळ्यावर कारखाना गहाण टाकणे, त्यापेक्षा हे टेंडर सोडून ३६ महिन्यांच्याच कामांवर राहू. धाकट्यांचे म्हणणे : सौराष्ट्रात राजकोटजवळ छोटी शेड भाड्याने घेतली तर नगामागचे भाडे आणि दिवस दोन्ही उतरतील, मग ३,७५० जमेल. वहिनींनी विचारले, "तिथे गॅस्केट पिशवीत कोण भरणार?" आबा बराच वेळ पेन्सिल कानाला लावून बसले. मग म्हणाले, "आकडा तुझा आहे. तुझा त्याच्यावर विश्वास किती, ते सांग."

टेंडर सोमवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होते. वहिनी उत्तर द्यायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. मागच्या फाटकावर सौराष्ट्राची गाडी आली होती, अकरा नग. इंजिनियर पोरगा अनुक्रमांक वाचून दाखवत होता, आणि शेवटचे दोन नव्या गॅस्केटच्या काळातले निघाले.

"झाकणाला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या आणि वही घेऊन उठल्या. "मी येते."